सव्वानऊ गुणांचा हिशेब

पत्र थोडक्यात असं: कोथरूडच्या एक वाचक अकरा वर्षं म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतात. वय ४३. आता कमिशनऐवजी फी घेऊन सल्ला द्यायचा, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, गुंतवणूक सल्लागार म्हणून नोंदणी करायची, असं त्यांच्या मनात आहे. म्हणून त्यांनी एनआयएसएमची (सेबीने स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थेची) एक्स-ए, म्हणजे गुंतवणूक सल्लागार पातळी १ ची परीक्षा दिली. १५० पैकी ८०.७५ गुण मिळाले, पास व्हायला ९० लागतात. त्या लिहितात: "दोन-दोन गुणांच्या शेवटच्या दोन केसेस उघडताही आल्या नाहीत, आणि भीतीने एकेका गुणाचे आठ प्रश्न सोडले. तरी निगेटिव्ह मार्किंगनेच घात केला. पुढच्या वेळी खात्रीचे तेवढेच सोडवायचं ठरवलंय. वितरकांची व्ही-ए परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. रोज ग्राहकांना जे समजावते त्यातच नापास झाले, याची लाज वाटते. दोन-तीन ग्राहकांना आधीच सांगून बसले होते. आठवड्याभरात परत देऊन टाकू, की दोन महिने काम बाजूला ठेवून क्लास लावू? की या वयात हा नाद सोडून देऊ?"

ताई,

तुम्ही पत्रात मिळालेले गुणही दिलेत आणि काय-काय सोडलं तेही दिलंय. या दोन आकड्यांवरून बाकीचा सगळा पेपर उलगडतो. नापास झालेल्या प्रत्येकाने पहिल्याच संध्याकाळी हा हिशेब मांडावा. पोटात कालवाकालव होत असताना आपण कारण भलतंच धरून बसतो आणि पुढची तयारी त्या भलत्या कारणावर उभी राहते.

एक माहितीचा परिच्छेद आणि त्यावर पाच प्रश्न, म्हणजे एक केस. दोन केसेसचे २० आणि सुटे ८, असे २८ गुण तुम्ही सोडले. उरले १२२. ते सगळे बरोबर आले असते तर १२२ मिळाले असते, मिळाले ८०.७५. फरक ४१.२५. एका गुणाचं उत्तर चुकलं की तो गुण जातो आणि वर पाव कापला जातो, म्हणजे एकूण सव्वा. ४१.२५ ला सव्वाने भागा, ३३ येतात. म्हणजे ८९ गुणांचं बरोबर, ३३ गुणांचं चूक, आणि निगेटिव्हपोटी कापले गेले फक्त सव्वाआठ.

आता पुढचं वाक्य सावकाश वाचा. निगेटिव्ह मार्किंग नसतंच, तरी तुमचे ८९ झाले असते. एका गुणाने का होईना, पण नापासच.

म्हणजे घात निगेटिव्हने केला, हा समज सोडायला हवा. त्यावर बेतलेला "खात्रीचे तेवढेच सोडवीन" हा निश्चय तर तुम्हाला आणखी मागे नेईल. पास व्हायला सव्वानऊ गुण कमी पडले, आणि न उघडलेल्या त्या दोन केसेसमध्ये दहा प्रश्नांचे वीस गुण पडून होते. त्यातले सहा बरोबर आणि चार चूक आले असते, तरी १२ मिळून २ कापले गेले असते. निव्वळ १०. बेरीज ९०.७५, पास. बाकी पेपरात तुमची उत्तरं शंभरात त्र्याहत्तर या प्रमाणात बरोबर आहेत, तेव्हा दहात सहा ही काही फार मोठी अपेक्षा नव्हे.

निगेटिव्हबद्दल मनात जी भीती आहे, तिचंही गणित करून टाकू. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर चारात एकदा १ गुण मिळतो आणि तीनदा पाव-पाव जातो. सरासरीत किंचित फायदाच, एका प्रश्नामागे ०.०६. हा इतका बारीक आहे की त्यावर कुणी पास होणार नाही, पण नुकसानही नाही. एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं, तर सरासरी फायदा ०.१७ होतो. दोन पर्याय बाद करता आले तर ०.३८ च्या आसपास. तुम्ही सोडलेल्या आठ प्रश्नांत दोन-दोन पर्याय बाद होणारे असते, तर तिथेच तीनेक गुण होते. तेव्हा नियम सोपा ठेवा. प्रश्न वाचून एक तरी पर्याय खोडता आला, तर उत्तर द्यायचंच. काहीच खोडता येत नसेल तर त्यावर वेळ घालवू नका. शेवटी मिनिटं उरली तर बघा.

वेळ का पुरला नाही, हे पत्रावरून दिसतंच आहे. प्रश्न स्क्रीनवर जसे आले तसेच क्रमाने सोडवलेत. या पेपरात एकेक गुणाचे ९० सुटे प्रश्न असतात. त्याशिवाय नऊ केसेस, प्रत्येकीत पाच प्रश्न. त्यातल्या सहा केसेसचे प्रश्न एकेका गुणाचे आणि तीन केसेसचे दोन-दोन गुणांचे. मिळून १३५ प्रश्न, १८० मिनिटं. दोन गुणांचे प्रश्न फक्त पंधरा, पण त्यांचे गुण ३०, म्हणजे पेपराचा पाचवा हिस्सा. तो हिस्सा डोकं शिणल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत गाठणं परवडत नाही.

माझ्या मते वाटणी अशी करावी: हात बसायला आधी ३० सुटे प्रश्न, पन्नास सेकंदांना एक, म्हणजे २५ मिनिटं. लगेच दोन गुणांच्या तिन्ही केसेस, प्रत्येकी १२ मिनिटं. मग उरलेल्या सहा केसेस प्रत्येकी आठ मिनिटं, आणि शेवटी बाकीचे ६० सुटे प्रश्न ५० मिनिटांत. १५९ मिनिटं झाली. मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी २१ उरतात. केस सोडवताना आधी पाचही प्रश्न वाचा आणि मगच माहितीचा परिच्छेद वाचा. त्यात मुद्दाम नको असलेले आकडे पेरलेले असतात. काय शोधायचंय ते ठाऊक असेल तर ते आपोआप बाजूला पडतात. बारा मिनिटं झाली की जे झालं नाही ते खूण करून पुढे जायचं. यात ढिलाई नको.

आता ते ३३ गुण. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. हे प्रश्न तुम्ही सोडले नव्हते, यांची उत्तरं येतात असं वाटून दिली होती. त्यातल्या आठ गुणांची उत्तरं चुकीची होती ती बरोबर आली, तरी एकेकामागे सव्वा वाढून दहा गुण होतात आणि तुम्ही पास. म्हणजे दोन वाटा आहेत आणि त्यातली कुठलीही एक पुरली असती. दोन्हींवर काम केलंत तर परीक्षेच्या दिवशी थोडं इकडेतिकडे झालं तरी हाताशी गुण राहतील.

अकरा वर्षांच्या अनुभवाने इथे हात का दिला नाही? व्ही-ए ला ५० टक्क्यांना पास, निगेटिव्ह नाही, आणि ज्ञान रोजच्या व्यवहाराचं. उत्तर ओळखीचं वाटलं की टिकमार्क करायचा, हे तिथे चालून जातं. एक्स-ए मध्ये ओळखीची वाटणारी उत्तरंच सापळा असतात. एक उदाहरण नीट बघू.

दरमहा १०,००० रुपयांची एसआयपी, दहा वर्षं, १२ टक्के. किती होतील? रोजच्या कामात तुम्ही हे ॲपमध्ये टाकता आणि उत्तर येतं. परीक्षेत चार पर्याय दिसतात: २२.१९ लाख, २२.४० लाख, २३.०० लाख, २३.२३ लाख. चारही बरोबर पद्धतीने काढलेले आहेत, फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. बारा टक्क्यांना बाराने भागून महिना १ टक्का धरला आणि हप्ता महिनाअखेरीला धरला, तर २३.०० लाख. तोच हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरला, तर २३.२३. पण १२ टक्के हा वर्षाचा प्रत्यक्ष परतावा असेल, तर महिन्याचा दर १.१२ चं बारावं मूळ काढून येतो, म्हणजे ०.९४९ टक्के. मग महिनाअखेरीला २२.१९ आणि सुरुवातीला २२.४०. प्रश्नातल्या दोन-तीन शब्दांवर सगळं ठरतं: हप्ता कधी, आणि दर दरमहा चक्रवाढीचा की वर्षाचा प्रत्यक्ष. बाराने भागायची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की ते शब्द वाचलेच जात नाहीत. पेपर काढणाऱ्यालाही ही सवय ठाऊक असते.

असंच पोर्टफोलिओच्या गणितांत होतं. फंडाचा परतावा १४ टक्के, जोखीममुक्त दर ६, बीटा (बाजाराच्या मानाने फंडाचा चढउतार) १.१, बाजाराचा परतावा १२. अपेक्षित परतावा ६ अधिक १.१ गुणिले ६ (१२ वजा ६), म्हणजे १२.६. अल्फा, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेला परतावा, १.४. पण प्रश्नात "बाजाराचा परतावा" ऐवजी "बाजाराचा जोखीम अधिमूल्य दर" (बाजाराचा परतावा वजा जोखीममुक्त दर) दिला असेल, तर त्यातून ६ पुन्हा वजा करायचे नसतात, आणि घाईत ते हमखास वजा होतात. शार्प आणि ट्रेनर ही जोखमीच्या मानाने परतावा मोजणारी गुणोत्तरं. शार्प काढायला प्रमाण विचलन लागतं, ट्रेनरला बीटा. केसमध्ये दोन्ही दिलेले असतात आणि चुकीचा उचलला तरी त्याचं उत्तर पर्यायांत हजर असतं. रोख्यांत मॅकॉले ड्युरेशन (पैसे सरासरी किती वर्षांत परत येतात त्याचं माप) ५.२५ आणि उत्पन्न दर ५ टक्के असेल, तर आधी १.०५ ने भागून ५ करायचं. मग दर अर्धा टक्का वाढला की किंमत अडीच टक्के उतरते. ही भागाकाराची पायरी अनेकजण गाळतात. ९ टक्के परतावा आणि ६ टक्के महागाई असेल तर खरा परतावा ३ नव्हे, २.८३, हेही तसंच.

नियमांच्या प्रश्नांत चुका वेगळ्या कारणाने होतात. तिथे अनुभवी माणूस "आमच्याकडे असं करतात" ते उत्तर देतो, आणि प्रश्न नियमात काय लिहिलंय ते विचारतो. शिवाय जुने प्रश्नसंच. अप्पा बळवंत चौकात किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळणारे संच कुठल्या सालचे आहेत हे बघितल्याशिवाय हातात धरू नका. सल्लागाराला एका कुटुंबाकडून वर्षाला घेता येणाऱ्या ठरावीक फीची मर्यादा पूर्वी १,२५,००० रुपये होती, जानेवारी २०२५ मध्ये सेबीने ती १,५१,००० केली. शेअर्सवरचा भांडवली नफा कर २३ जुलै २०२४ पासून बदलला: अल्प मुदतीचा १५ वरून २० टक्के, दीर्घ मुदतीचा १० वरून साडेबारा. जुना संच तुम्हाला जुनी उत्तरं पक्की करून देतो. एनआयएसएमच्या वर्कबुकावर आवृत्तीचा महिना छापलेला असतो. परीक्षेच्या तारखेला कुठली आवृत्ती लागू आहे ते संकेतस्थळावर बघा आणि तीच वाचा. कालच्या वर्तमानपत्रात आलेला बदल त्या वर्कबुकात नसेल, तर परीक्षेपुरतं वर्कबुकचं उत्तर धरा.

आता करायचं काय? पहिल्या आठवड्यात वर्कबुक उघडू नका. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा भास होतो. त्याऐवजी एक नवा कोरा सराव पेपर पूर्ण तीन तास बसून सोडवा. प्रत्येक उत्तरापुढे कागदावर एक अक्षर लिहा: पक्कं असेल तर प, अर्धवट असेल तर अ, निव्वळ अंदाज असेल तर ज. तपासताना तीन ढीग वेगळे करा. ज चुकले तर वाईट वाटून घेऊ नका, ते पुढे वाचून सुटतील. "प लिहिलं आणि चुकलं" हा ढीग मात्र सोन्यासारखा जपा. परीक्षेत तुमचे ३३ गेले त्यातले बरेचसे इथलेच असणार.

या ढिगातल्या प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक ओळ लिहा, आणि ती उत्तराची नको, चुकीची हवी. "हप्ता महिन्याच्या सुरुवातीला होता, वाचलं नाही." "ट्रेनरला प्रमाण विचलन घेतलं." "जुनी मर्यादा लिहिली." चाळीस-पन्नास ओळी झाल्या की दिसेल, चुका चाळीस प्रकारच्या नाहीत. पाच-सहाच आहेत, त्याच फिरून फिरून येतात. मग त्या पाच-सहा विषयांची पानं वर्कबुकातून काढून बारकाईने वाचा आणि प्रत्येकावर पंधरा-वीस गणितं हाताने सोडवा. परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळणार की स्प्रेडशीट, हे हॉल तिकिटाच्या सूचनांत वाचा आणि सरावातही तेवढंच वापरा. ॲप अजिबात नको.

रोज दीड तास आणि रविवारी एक पूर्ण पेपर, असे सहा आठवडे तुम्हाला पुरेत. रविवारचा पेपर घरी सोडवू नका. बेल वाजते, फोन येतो, कुकरकडे लक्ष जातं, आणि मग तीन तासांचे चार तास होतात. नव्या पेठेत, सदाशिव पेठेत अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षेच्या मुलांमध्ये आपण कसं बसायचं, असं वाटेल. पण ती मुलं मान वर करून बघतसुद्धा नाहीत. फोन बंद करून खुर्चीत १८० मिनिटं बसणं हीसुद्धा सवय आहे, आणि शाळा-कॉलेज सुटल्यावर ती मोडलेली असते. ४३ व्या वर्षी खरी अडचण बहुधा हीच असते, बुद्धीची नव्हे. लागोपाठ तीन पेपरांत १०० च्या वर गुण आले, की तारीख घ्या. ९२-९३ वर समाधान मानू नका, परीक्षागृहात सात-आठ गुण सहज खाली येतात.

तारीख निवडताना आपलं पुण्याचं कॅलेंडरही बघा. मार्चअखेर आणि जुलैतली विवरणपत्रांची धांदल टाळा, तेव्हा ग्राहकांचे फोन थांबत नाहीत. गणेशोत्सवाचे दिवसही नकोत. रात्री झोप होत नाही आणि दिवसा रस्ते बंद असतात. केंद्र शक्यतो मेट्रोने गाठता येईल असं घ्या. ओळखपत्रावरचं नाव आणि हॉल तिकिटावरचं नाव तंतोतंत जुळतंय ना, ते आठवडाभर आधी बघा.

आठवड्याभरात परत देण्याचा विचार मात्र सोडून द्या. फी नव्याने भरावी लागते, आणि ३३ गुणांच्या चुका एका आठवड्यात जात नाहीत. उलट तीच उत्तरं आणखी घट्ट होतात. दोन महिने काम बंद ठेवण्याइतकं हे प्रकरण मोठंही नाही. क्लास लावायचाच असेल, तर पैशाच्या कालमूल्याची (वर एसआयपीचं केलं तशी) आणि पोर्टफोलिओची गणितं वहीतल्या ओळींवरूनही सुटत नाहीत असं दिसल्यावर लावा. फी भरण्याआधी विचारा: वर्कबुकाची कुठली आवृत्ती शिकवता, केसेस वेळ लावून सोडवून घेता का, आणि पूर्ण तीन तासांचे पेपर किती घेता. नुसती वन-लायनर प्रश्नोत्तरं घोकून घेणाऱ्या क्लासने व्ही-ए निघते, एक्स-ए निघत नाही.

ग्राहकांचं म्हणाल, तर त्यांना जे झालं ते एका वाक्यात सांगा: परीक्षा झाली, पास झाले नाही, पुन्हा देते आहे. अकरा वर्षं ज्यांचे पैसे तुमच्या भरवशावर आहेत, त्यांना लपवालपवी जास्त खटकेल. नोंदणी हाती येईपर्यंत मात्र कार्डावर, बोर्डावर, व्हॉट्सॲपवर "सल्लागार" लिहू नका. वितरकाने ते बिरुद लावलेलं सेबीला चालत नाही.

आणि नाद सोडायचा का, याचं उत्तर नापास होण्यात शोधू नका. ते वेगळ्या गोष्टीवर ठरतं. वैयक्तिक सल्लागार म्हणून नोंदणी घेतली की वितरण आणि कमिशन दोन्ही सोडावं लागतं. एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, यजमानांच्या नावावर करून त्याच ग्राहकांचं वितरण चालू ठेवू, हा मार्गही बंद आहे, कारण ज्यांना तुम्ही सल्ला देता त्यांना तुमच्या कुटुंबातल्या कुणालाही वितरण करता येत नाही. म्हणून वही उघडण्याआधी एका संध्याकाळी दोघांनी बसून यादी करा: फी देऊन राहतील असे ग्राहक किती, ते सरासरी काय देतील, आणि कमिशन थांबल्यावर घर किती महिने चालेल. हिशेब जमत नसेल, तर वितरक म्हणून नीट काम करत राहण्यात काही उणेपणा नाही, आणि त्याला व्ही-ए पुरते. जमत असेल, तर सव्वानऊ गुणांसाठी थांबू नका.

एक लक्षात ठेवा. नोंदणीला एक्स-ए आणि एक्स-बी (पातळी २) दोन्ही प्रमाणपत्रं लागतात आणि प्रत्येकाची मुदत तीन वर्षांची असते. एक्स-ए पास होऊन वर्ष-दीड वर्ष तसंच गेलं, की नोंदणी होईपर्यंत पहिल्याची मुदत सरत येते. तेव्हा एक्स-ए निघाली की चार महिन्यांच्या आत पातळी २ ची तारीख घ्या. निवृत्ती, विमा, कर आणि वारसा हे विषय तिथे नवे असतील, पण निवृत्तीनिधीच्या गणितात महिन्याच्या सुरुवातीचा हप्ता आणि वर्षाचा प्रत्यक्ष दर पुन्हा येणारच आहेत. चुकांची वही टाकून देऊ नका.